तुमची लाक्ले

सें पिएर
रविवार, ३ एप्रिल १९६०

हरिप्रसाद गुरुजी म्हणतात, रोज चार ओळी लिहिल्या नाहीत तर शिकलेले मराठी पावसात ठेवलेल्या साबणासारखे विरघळून जाते. म्हणून लिहितो. माझी शाळा सहावीत सुटली, पण संध्याकाळी बैठकेत, म्हणजे गावच्या रात्रशाळेत, गुरुजींकडे जातो. शुद्धलेखन तरी सुटू द्यायचे नाही, असे ठरवले आहे. शिवाय देवराजभाऊला मराठी वाचता येत नाही, तेव्हा मोकळेपणाने लिहिता येईल.

आज मोटरसायकल आली. बैलगाडीतून आली. हे लिहायला बरे वाटत नाही, पण खरे तेच लिहावे. फेब्रुवारीत बेटावर आलेल्या कारोल तुफानात तेर रूजचे आमचे घर उडाले आणि आम्ही इथे वहिनीच्या माहेरी येऊन राहिलो. त्याच तुफानात साखर कारखान्याच्या म्हाताऱ्या मालकांचा, म्हणजे मिसियेंचा, तबेला पडला आणि भिंतीखाली ही सापडली. लढाईच्या आधीची आहे, इंग्लंडात बनलेली. मिसिये म्हणाले, उचलून नेशील तर तुझी. मी वजनकाट्यावर उसाच्या गाड्यांचे नंबर लिहितो, बहुधा माझ्या अक्षरावर खूश होऊन दिली असावी. भाऊ म्हणतो, ढिगारा उपसायची मजुरी वाचली म्हणून दिली.

सध्या ती गोठ्यात गाईच्या शेजारी उभी आहे. मागचे चाक फिरत नाही. बाकी काय काय होत नाही ते अजून कळायचे आहे.

बुधवार, ६ एप्रिल

गाईने दूध आखडले.

भाऊ म्हणाला, "गाय दूध देते. तुझी ती काय देते?"

"एकदा चालू झाली की..."

"कधी?"

वहिनी चुलीकडे तोंड करून हसत होती. भाऊने निकाल दिला: महिना संपायच्या आत मोटरसायकल गोठ्याबाहेर गेली नाही, तर भंगारवाला येऊन नेईल. त्याला सांगूनही ठेवले आहे. मला जेवण गेले नाही. भंगारवाला घणाने तुकडे करतो, हे मी पाहिले आहे.

शनिवार, ९ एप्रिल

जागा शोधत हिंडलो. कारोलनंतर गावात ज्या कशावर छप्पर उरले आहे, त्याखाली माणसे राहतात. किराणा बुटीकवाल्या चिनी काकांना त्यांच्या मागच्या पडवीबद्दल विचारले. ते म्हणाले, "लोक आजीला ठेवायला जागा शोधतायत, मो गार्सों, पोरा, आणि तू मोटरसायकलला?" दुकानातली सगळी माणसे हसली. मीही हसलो, वाईट दिसू नये म्हणून. पण त्यांनी एक पक्कड वापरायला दिली, ती गाईच्या नजरेआड ठेवली आहे.

बुधवार, १३ एप्रिल

हत्यारे जमत आहेत. चांभाराकडून हातोडी मिळाली. मुठीला तडा आहे, काथ्या गुंडाळला. ऊसतोडीच्या कोयत्यांना धार लावायची जुनी कानस मिळाली. पेचकस मी सुरीच्या पात्याचा केला (वहिनीला अजून सांगितलेले नाही). अडले आहे ते पान्यांवाचून. गावात मिळतात ते फ्रेंच मापाचे, आणि नट आहेत इंग्रजी मापाचे. एक पाना सैल होतो, त्याच्या खालचा बसतच नाही. मागच्या चाकाच्या मोठ्या नटाला आज सगळा जोर लावला. पाना घसरला, नटाचे कोपरे गेले आणि माझ्या बोटांची सालेही.

वहिनी हळद लावता लावता म्हणाली, "सीतारामकाका मेकानिक होता. लढाईत इजिप्तला जाऊन आलेला. इंग्रजी हत्यारांची पेटी हाय त्याची. आता काका नाय, पण त्याची बायको कुंतीमावशी हाय. तिच्याकडं जा आनि लाक्ले माग."

"पाना म्हणावे ना?"

"तिला पाना कळायचा नाय. लाक्लेच म्हण. आनि रविवारी जा. आंघोळ करून, इस्त्रीचं शर्ट घालून जा."

पाना मागायला इस्त्री कशाला, हे कळले नाही. पण वहिनी या गावची आहे, तिला रीतभात ठाऊक असणार.

टीप: क्रेओल भाषेत पान्यालाही लाक्ले म्हणतात आणि किल्लीलाही लाक्लेच. आळशी भाषा. मराठीत असा घोटाळा होत नाही. मात्र मराठीत बोलताना लाक्ले पुल्लिंगी धरावा की स्त्रीलिंगी? गुरुजींना विचारायचे.

रविवार, १७ एप्रिल

जे घडले ते क्रमाने लिहितो, म्हणजे मलाही समजेल.

माप दाखवायला एक सुटा नट रुमालात बांधून नेला. कुंतीमावशी दारात तांदूळ पाखडत होत्या. मी म्हणालो, "बोंझूर मावशी. मी देवराजचा धाकटा भाऊ, चंद्रमोहन."

"ठावं हाय. काट्यावरचा."

"मावशी, तुमची लाक्ले मिळेल का?"

सूप हवेतच थांबले. "कंची लाक्ले?"

"सीतारामकाकांची."

त्यांनी मला टाचेपासून भांगापर्यंत पाहिले. "घरात इचारलंस?"

"वहिनीनेच पाठवले."

"आनि भाऊ?"

"भाऊ तर म्हणतो, महिन्याच्या आत झाले पाहिजे."

"आयो! येवढी घाई?" त्या हसल्या आणि मग एकदम गंभीर झाल्या. "नीट सांभाळशील?"

"रोज पुसून, तेल लावून ठेवीन. कधी आपटणार नाही."

"दारू?"

मला वाटले, साफ करायला काय वापरतो ते विचारत आहेत. "दारू कशाला? रॉकेल पुरते."

कुंतीमावशींनी तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या, सांगता येत नाही, बहुधा दोन्ही. मग कमरेची गाठ सोडून एक पितळी किल्ली काढली, कपाळाला लावली आणि माझ्या हातात ठेवली. "मी म्हनलंवतं, मागनारा येईल. न मागता कुनाला देयाची नाय."

मी म्हणणार होतो, मावशी, किल्ली नव्हे, पाना. पण तोवर त्यांनी मला परसात नेऊन एका खोलीचे कुलूप उघडायला लावले. सिमेंटच्या भिंती. पत्रा लोखंडी पट्ट्यांनी आवळलेला, कारोलला तो हललाही नाही. आत लाकडी ओटा, ओट्याला घट्ट बसवलेला शिकंजा, आणि खिडकीतून सरळ ओट्यावर पडणारा उजेड. शिकंजा पाहिला आणि मी त्याचा दांडा फिरवून पाहू लागलो. पाना मागितला आणि कारखाना मिळाला! हा गैरसमज मी तिथल्या तिथे दूर करायला हवा होता. केला नाही.

हत्यारांची पेटी मात्र ओट्यावर नव्हती. "ती इंद्राणीकडं हाय," मावशी म्हणाल्या. इंद्राणी ही त्यांची मुलगी. ती दाराआडून माझ्याकडे नव्हे, माझ्या हातातल्या रुमालाकडे पाहत होती. रुमालातून नट डोकावत होता.

मंगळवार, १९ एप्रिल

मोटरसायकल खोलीत गेली (पुन्हा बैलगाडीतून). गाईने आज पूर्ववत दूध दिले.

या गावची माणसे यंत्रांवर इतके प्रेम करतात, हे मला ठाऊक नव्हते. काट्यावर येणारा प्रत्येक गाडीवान विचारतो, "लाक्ले गावली म्हनं!" मी सांगतो, "हो, बरेच दिवस शोधत होतो." एकाने विचारले, "कशी हाय?" मी म्हणालो, "जरा गंज आहे, पण तेल घातले की फिरेल." तो गाडीवरून खालीच उतरला आणि चाकाला धरून हसत राहिला. चिनी काकांनी अंगाचा साबण फुकट दिला. पक्कड परत द्यायला गेलो तर म्हणाले, ठेव, आता तुला लागेल.

भाऊने रात्री माशाचे डोके माझ्या ताटात वाढले. एरवी ते तो स्वतः खातो.

रविवार, १ मे

इंद्राणी मला चोर समजते, अशी माझी खात्री झाली आहे. पेटी एकदम देत नाही. रविवारी एक हत्यार देते, तेही उलटतपासणी करून.

"ह्याला काय म्हंतात तुझ्या बैठकेच्या मराठीत?"

"पेचकस."

"आनि ह्याला?"

"ते... ते गुरुजींना विचारून सांगतो."

"मग पुढल्या रविवारी घेऊन जा. नाव सांगून."

मी म्हणालो की अशा गतीने दिवाळी उजाडेल. ती म्हणाली, "दिवाळी काय वाईट असते?"

गुरुजींच्या शब्दकोशात स्पार्क प्लगसाठी शब्द नाही. असेच चालले तर कार्बोरेटरपर्यंत मी म्हातारा होईन.

रविवार, १५ मे

आज इंग्रजी मापाच्या पान्यांचा जुडगा मिळाला. लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने तारेत ओवलेले, त्यांवर लष्कराचा बाणाचा शिक्का. सिलिंडरवरचा नट असा अलगद सुटला की मला भरून आले. इंद्राणी खिडकीत उभी राहून पेरू खात होती.

"रडतोस काय?"

"रॉकेल डोळ्यांत गेले."

मोठ्या नटाचा पाना मात्र त्या जुडग्यात नाही. ती म्हणते, शोधते. पेटी एवढीशी, त्यात हातभर लांब पाना हरवतो कसा?

जाताना तिने विचारले, "दुसऱ्या मानसानं बसायचं कुठं?" मी समजावून सांगितले की या जातीची मोटरसायकल एकाच माणसासाठी बनवलेली असते. तिने पेरूचे देठ माझ्या दिशेने फेकले. नेम चुकला, कार्बोरेटरला लागला.

रविवार, २२ मे

ओट्यावर चामड्याची एक गादी ठेवलेली आढळली. खाली घोड्याचे केस भरलेले, दोन पट्टे लावलेले. हत्यारांत तिचा काही उपयोग दिसत नाही. ओट्याखाली ठेवून दिली.

कुंतीमावशींनी माझी जन्मवेळ विचारली. कारखान्याचा मुहूर्त काढायचा असेल. पहाटेची, असे सांगितले. मूळ गाव, देवक, आईच्या माहेरचे आडनाव, हेही विचारले. एवढ्या बारकाईने मुहूर्त काढणारे लोक आता राहिले नाहीत.

रविवार, १२ जून

सुरू झाली!

मॅग्नेटो वाळवला होता, प्लग घासला होता, पेट्रोल गाळून घातले होते. तरी पाय दुखेपर्यंत लाथा मारल्या आणि ती मुकीच राहिली. इंद्राणी म्हणाली, "ती पेट्रोलची तोटी उघडी हाय काय?" मी म्हणालो, अर्थातच. मग तिचे लक्ष दुसरीकडे आहे असे पाहून उघडली. पुढच्या लाथेला बंदुकीसारखा आवाज झाला, काळ्या धुराचा लोट निघाला आणि ती धडधडू लागली. शेजारचे कुत्रे दोरी तोडून सें पिएरच्या नाक्यापर्यंत पळाले. कुंतीमावशी धावत आल्या आणि मोटरसायकलला हळदकुंकू लावले. तापलेल्या इंजिनावर कुंकू जळाले, त्याचा वास छान येतो.

आता फक्त मागचे चाक. तेवढा एक नट. इंद्राणी अजून पाना शोधतेच आहे.

बुधवार, १५ जून

आज चार ओळींत भागणार नाही.

बैठकेत सगळे गेल्यावर गुरुजींना विचारले, लाक्ले हा शब्द पुल्लिंगी की स्त्रीलिंगी? फार दिवस मनात होते.

गुरुजी म्हणाले, "क्रेओलला लिंग नसते. मराठीत आणला की वस्तूचे लिंग त्याला द्यायचे. पाना असेल तर 'तुमचा लाक्ले'. किल्ली असेल तर 'तुमची लाक्ले'. तू कुंतीबाईंना काय म्हणालास?"

"तुमची."

गुरुजींनी चष्मा काढला. "तुला किल्ली हवी होती ना?"

"नाही. पाना."

गुरुजी हसू लागले. माणूस इतका हसला तर त्याला काही होईल की काय, अशी मला भीती वाटली. पाणी प्यायल्यावर त्यांनी सांगितले ते असे. सीतारामकाकांच्या तेराव्याला कुंतीमावशींनी सगळ्या गावासमोर खोलीला कुलूप घातले आणि म्हणाल्या, ही किल्ली आता माझ्याकडे माझा जावईच मागायला येईल. कारोलनंतर त्यांनी बेघर बिऱ्हाडे स्वतःच्या घरात झोपवली, पण ती खोली उघडली नाही. "आणि मग तू आलास," गुरुजी म्हणाले. "इस्त्रीचा शर्ट घालून."

जिथे काना द्यायचा तिथे मी वेलांटी दिली, आणि माझे लग्न ठरले.

घरी येऊन वहिनीला विचारले, "तुला हे ठाऊक होते?" ती म्हणाली, "काय ठाऊक? पाना मागायला तर पाठवलं तुला." आणि पुन्हा चुलीकडे तोंड केले.

झोप येत नाही. किल्ली ठेवावी तर मी लबाड. परत करावी तर मोटरसायकलला पुन्हा छप्पर नाही, आणि भाऊचा भंगारवाला अजून जिवंत आहे. त्यातून इंद्राणी मला चोर समजते. आता तर खरेच आहे.

गुरुवार, १६ जून

किल्ली परत केली. शब्द पाठ करून गेलो होतो. "मावशी, माझ्याकडून व्याकरणाची चूक झाली." त्यांना कळेना. मग नट दाखवला. मग कळले. त्यांनी हात पुढे केला. किल्ली घेतली, कमरेला गाठ मारली आणि सूप घेऊन बसल्या. सुपात तांदूळ नव्हते.

इंद्राणी परसात कपडे धूत होती. मी म्हणालो, "तुझी फसवणूक झाली. मला क्षमा कर."

"माझी?" तिने चादर दगडावर आपटली. पाणी माझ्या इस्त्रीवर उडाले. "मला पयल्या दिवशीच कळलंवतं. किल्ली मागायला येनारा मानूस रुमालात नट बांधून येतो व्हय?"

"मग सांगितले का नाहीस?"

"तू इचारलं नाईस."

"आणि आता?"

"आता काय? आता पन तू मला काय इचारलं नाईस. क्षमा मागितलीस. सूयाक गावचा एक पोस्टमन हाय, त्याच्या आत्यानं मागनीचा निरोप धाडलाय. त्याच्याकडं सायकल हाय. चालते."

मी निघालो. फाटकाबाहेर आल्यावर लक्षात आले की खोलीला कुलूप लागले, मी बाहेर आहे आणि मोटरसायकल आत.

मंगळवार, २१ जून

काट्यावर कोणी लाक्लेचे विचारत नाही. चिनी काकांनी साबणाची किंमत घेतली. भाऊ माशाचे डोके पुन्हा स्वतः खातो. वहिनीच्या आमटीत मीठ नाही, आणि मागितले तर म्हणते, "काय मागतोस ते नीट सांग बाबा, मला लिंग कळत नाय."

आज दोन गाड्यांचे नंबर उलटसुलट लिहिले. असे माझ्याकडून कधी होत नाही.

मोटरसायकलची आठवण येते. नीट विचार केला. खिडकीचीही येते. पेरूचीही येते. पोस्टमनच्या सायकलची साखळी नेहमी निसटते असे ऐकले, आणि ऐकून बरे वाटले, हे चांगल्या माणसाचे लक्षण नाही.

ओट्याखाली ठेवलेली ती चामड्याची गादी. मागच्या चाकावरच्या पत्र्याला तिचे पट्टे बरोबर बसतील. हे मला आज, उसाच्या गाड्यांमध्ये उभा असताना, एकदम समजले.

रविवार, २६ जून

आंघोळ केली. शर्टाला इस्त्री वहिनीने न सांगता केली होती. रुमाल रिकामा नेला.

कुंतीमावशी दारात होत्या. या वेळी सुपात तांदूळ होते. त्यांनी वर पाहिले नाही.

"मावशी," मी म्हणालो, "लाक्ले पाहिजे."

"कंची?"

आतून इंद्राणीचा आवाज आला. "आये, त्याला नीट इचार. तुमचा का तुमची?"

मराठीत यासाठी दोन स्वच्छ शब्द आहेत. दोन्ही मला येतात, शुद्धलेखनासह. त्यांतला कोणताही म्हटला असता तर घोटाळा झाला नसता. कुंपणापलीकडे शेजारीण कपडे वाळत घालायची थांबली होती.

"तुमची," मी म्हणालो.

"ऐकू नाय आलं," आतून.

"तुमची!" मी ओरडलो. शेजारणीने दोरीवरचे धोतर सोडून टाळी वाजवली आणि धोतर चिखलात पडले.

कुंतीमावशींनी कमरेची गाठ सोडली. या वेळी त्या नक्की हसत होत्या. मी किल्ली कपाळाला लावत होतो, तेवढ्यात खिडकीतून हातभर लांब एक पाना बाहेर आला. पाना इंद्राणीच्या हातात होता आणि मी तो धरला तरी हात मागे जात नव्हता.

सोमवार, २७ जून

नट सुटला. त्याचे आटे उलटे आहेत. एप्रिलपासून मी तो सोडवत नव्हतो, आवळत होतो. इंद्राणी म्हणते, तिला हे पहिल्या रविवारपासून ठाऊक होते.

सांगितले का नाहीस, असे मी विचारले नाही. उत्तर आता पाठ झाले आहे.